अर्जांची स्क्रीन: बोर्ड की तक्ता?

माझी माहिती दाखवा, दुरुस्त करा, पुसून टाका, नाहीतर थेट तक्रार: लोक कंपनीकडे असे अर्ज करतात. डेटा प्रायव्हसीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर उघडी राहते ती या अर्जांची स्क्रीन. ती मांडायच्या दोन रीती: प्रत्येक अर्जाचं कार्ड एका टप्प्याच्या रकान्यातून पुढच्यात सरकवायचा बोर्ड किंवा साधा तक्ता.

डेमोत बोर्ड बाजी मारतो, हे कबूल. काम कुठे तुंबलंय ते मालकाला एका नजरेत कळतं. अर्ज पंधरा-वीसच असतील तर तो पुरतोही. पण आला, ओळख, शोध, उत्तर, बंद असे पाच रकाने २८० पिक्सेलचे धरले तर १४०० होतात. पिंपळगावच्या द्राक्ष पॅकहाऊसच्या ऑफिसात १३६६ पिक्सेल रुंदीचा लॅपटॉप असेल तर शेवटचा रकाना कडेला कापला जातो. असो, 'बंद' मिटवून ठेवता येतो.

खरी कटकट मुदतीची. नाशिकच्या सातपूर-अंबडची एखादी कंपनी युरोपातल्या ग्राहकांचीही माहिती हाताळत असेल तर जीडीपीआरच्या, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या, अर्जाला साधारण एक महिना. आपल्या डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या, २०२५ च्या नियमांत तक्रार निवारणाला कमाल ९० दिवस. म्हणजे वीस दिवस जुन्या तक्रारीला अजून सत्तर दिवस आहेत, आज सकाळच्या युरोपच्या अर्जाला जेमतेम तीस. आल्या क्रमाने लावलेल्या बोर्डावर तक्रार वर दिसते, अर्ज तळाशी. मुदतीने लावा, तरी क्रम ज्या त्या रकान्यापुरताच. 'शोध'मधला चार दिवस उरलेला आधी की 'उत्तर'मधला दोन दिवस उरलेला, ते डोळ्यांनीच ताडायचं. लाल रंग दिला तर काही दिवसांत अर्धा बोर्ड लाल.

तक्त्यात 'शिल्लक दिवस' पहिला रकाना, चढता क्रम. वरून खाली काम करत जायचं. मात्र डेटाबेसमध्ये अंतिम तारीख साठवा, शिल्लक दिवस दर वेळी मोजा. आणि कारण लिहिल्याशिवाय तारीख बदलू देऊ नका.

तक्त्यालाही खोड आहे. जास्त ओळी बसवायच्या नादात लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.२ ठेवली की देवनागरीच्या मात्रा आणि उकार छाटले जाऊ शकतात. १.५ ठेवा, दोन-तीन ओळी कमी दिसल्या तरी चालतील.

टप्पा बदलायला ड्रॉपडाउन बरा वाटतो. बोर्डावर कार्ड ओढताना हात निसटला आणि अर्ज 'बंद'मध्ये पडला, की ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कोणी केव्हा काय बदललं त्या नोंदवहीत, तशीच नोंद. ती पुसायची सोय नसते, नसावीच. मालकाला बोर्ड हवाच असेल तर नुसता बघण्यापुरता द्या, कार्डं न हलणारा.