तंबाखूची सवय असलेल्यांसाठी: सरकारी रुग्णालय की मेडिक्लेम?

चाळिशी ओलांडलेल्या आणि तंबाखूची सवय असलेल्या किंवा नुकतीच सुटलेल्या माणसाने पुढच्या आजारपणासाठी सरकारी रुग्णालयावर विसंबावे की मेडिक्लेम काढून खासगीची वाट धरावी, असे जवळची माणसे मला विचारतात. दोन्हींचा अनुभव मी घेतला आहे.

सोयीच्या दृष्टीने खासगी रुग्णालय सरस आहे, हे मान्यच केले पाहिजे. डॉक्टर तोच राहतो आणि जळगावच्या मे महिन्यात केसपेपरच्या रांगेत ताटकळावे लागत नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या रांगेत अर्धा दिवस बुडतो, ही किंमतही लहान नाही.

माझा कौल फिरला तो क्लेममुळे. पॉलिसी काढताना तंबाखूची सवय मी अर्जात स्पष्ट लिहिली होती आणि त्यापोटी वाढीव प्रीमियमही भरत होतो. पुढे पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी रिवाजाप्रमाणे केसपेपरवर लिहिलेल्या ‘तंबाखू सेवन’ या दोन शब्दांवरून कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरण्याची सोय, अडले आणि सवय नेमकी कधीपासून होती याचा दाखला मागणारे पत्र आले. खड्यांशी तिचा संबंध काय, हे कोणीच सांगितले नाही. पैसे अखेर मिळाले; पण टाके ओले असताना दाखल्यासाठी घरच्यांना हेलपाटे घालावे लागले, ते मनातून जात नाही.

सरकारी रुग्णालयातही सवय विचारतात, पण ती उपचारासाठी. टॉर्च लावून गालाच्या आत कर्करोगाची पूर्वखूण ठरू शकणारा पांढरा चट्टा आहे का, हे पाहतात; उत्तरावरून खर्च वाढत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार निःशुल्क आहेत, आणि मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, तेही अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, खासगी रुग्णालयांत चालते.

ज्याची सवय त्यानेच भार उचलावा, हे म्हणणे मला अगदीच गैर वाटत नाही. तरीही रावेर-यावलच्या केळीबागांत घड वाहणारा मजूर भूक मारण्यासाठी ओठाखाली चिमूट धरतो, तेव्हा ती निवड कितपत त्याची, हा प्रश्न उरतोच. शिवाय पुडीवरचा कर त्याने आधीच भरलेला असतो.

ज्यांचा प्रीमियम मालक भरतो, त्यांनी पॉलिसी सोडू नये. इतरांनी निदान एजंटला फोन करण्याआधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात तोंडाची तपासणी करून घ्यावी. माझ्या बीपीच्या गोळ्या आता तिथूनच येतात.