सिंगापूर क्रूझवरची ग्रॅच्युइटी: रॉयल कॅरिबियनची पद्धत पैसे मोजून तपासली तर

सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवरून रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या निघतात आणि पिनांग, फुकेत करून परत येतात. स्पेक्ट्रम ऑफ द सीज, अँथम ऑफ द सीज अशी मोठी जहाजं या मार्गावर चालली आहेत. आपल्याकडच्या टूर कंपन्या सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला ही क्रूझ जोडतात, त्यामुळे अनेक मराठी कुटुंबांचा जहाजावरचा पहिला मुक्काम इथेच होतो. जहाज, जेवण, शो यांविषयी वाचायला भरपूर मिळतं. हे परीक्षण फक्त एका गोष्टीचं आहे: रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी बिलात आपोआप लागणारी टिप, आणि तिच्या मागून येणाऱ्या बाकीच्या टिप्स.

मत आधीच सांगतो. वसुलीची व्यवस्था चोख आहे. ज्याला सुट्टीत पाकिटं मोजत बसायचं नाही त्याच्यासाठी सोयीचीही आहे. पण ही रक्कम जाहिरातीतल्या भाड्यात न धरणं मला मान्य नाही. ती भाड्याचाच भाग आहे आणि तिकीट काढताना तिचा हिशेब तसाच करायला हवा.

दर असा आहे: साधी आतली केबिन, खिडकीची, बाल्कनीची आणि ज्युनियर स्वीट (थोडी ऐसपैस केबिन) या सगळ्यांना माणशी रोज 18.50 अमेरिकी डॉलर, त्यावरच्या मोठ्या स्वीट्सना 21 डॉलर. दिवस म्हणजे इथे रात्री मोजायच्या. चार रात्रींची फेरी असेल तर चार वेळा आकारणी होते. बाल्कनी घेतली म्हणून जास्त नाही आणि आतली घेतली म्हणून कमी नाही, त्यामुळे स्वस्त केबिन घेणाऱ्यावर हा बोजा प्रमाणाने जास्त पडतो. वयाची सूट नाही. कडेवरच्या बाळालाही पूर्ण दर लागतो, आणि ही गोष्ट बहुतेकांना बिल हातात आल्यावर कळते.

आई, वडील, दोन मुलं, चार रात्री: 18.50 गुणिले 4 गुणिले 4, म्हणजे 296 डॉलर. डॉलर 88 रुपयांचा धरला तर 26,048 रुपये. शेवटी हे क्रेडिट कार्डावर गेलं आणि बँकेचा परकीय चलनाचा आकार 3.5 टक्के असेल, तर साधारण 912 रुपये आणखी, वर त्या आकारावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 164. एकूण 27,100 रुपयांच्या आसपास. आजी-आजोबा बरोबर असतील तर आकडा थेट दीडपट. हा खर्च सहलीच्या बजेटमध्ये 'किरकोळ' या रकान्यात टाकण्यासारखा नाही.

दर वाढत आलेत, हेही लक्षात ठेवावं. 2022 मध्ये 14.50 वरून 16 झाला, 2023 मध्ये 18, त्यानंतर 18.50. वाढ जाहीर झाल्यावर ठरलेल्या तारखेच्या आत आगाऊ भरलेल्यांना जुनाच दर लागू राहिला आहे. म्हणून फेरी काही महिने लांब असेल आणि जायचं पक्कं असेल, तर ग्रॅच्युइटी आगाऊ भरून टाकणं फायद्याचं. दुसरा फायदा असा की जहाजावर कार्डाची मर्यादा अडत नाही. पहिल्याच दिवशी कार्डावर रक्कम अडकवून ठेवली जाते, आणि आपल्याकडच्या अनेक कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. ते निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमधून चालू करून घ्यावेत.

हे 18.50 जातात कुठे? जेवणाच्या हॉलमधले वेटर आणि त्यांचे मदतनीस, केबिन अटेंडंट, स्वयंपाकघर आणि लाँड्रीसारख्या, पाहुण्यांना न दिसणाऱ्या विभागांतली माणसं. पूर्वी शेवटच्या रात्री प्रत्येकासाठी वेगळं पाकीट द्यायची रीत होती, कारण आठवडाभर तेच टेबल आणि तोच वेटर असायचा. पाहुणे हव्या त्या वेळी हव्या त्या उपाहारगृहात जेवू लागले तेव्हा पाकीट नेमकं कोणाला द्यायचं हा प्रश्न आला आणि रोजची आकारणी रुळली. धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्याला पाकिटाच्या काळात काही मिळत नव्हतं. आताच्या पद्धतीत त्याचा वाटा असतो. या पद्धतीतली ही बाजू मला मनापासून पटते.

आता बारचं बिल. इथे दुसरीच आकारणी चालते. पेय, स्पा, जादा पैशांची उपाहारगृहं, मिनीबार या सगळ्यांवर 18 टक्के आपोआप लागतात. 14 डॉलरचं कॉकटेल 16.52 ला पडतं. रूम सर्व्हिसला सकाळचा साधा काँटिनेंटल नाश्ता सोडून 7.95 डॉलर शुल्क आहे आणि त्यावरही 18 टक्के. पेयांचं पॅकेज घेतलं तर 18 टक्के पॅकेजच्या किमतीवर एकरकमी घेतले जातात. समजा पॅकेज दिवसाला 80 डॉलर आहे, तर खरी किंमत 94.40, चार रात्रींना माणशी 377.60. मद्याचं पॅकेज एका प्रौढाने घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. न पिणारी बायको आणि दिवसाला दोन बिअर घेणारा नवरा, अशा जोडप्याला ते परवडतच नाही. त्यांनी पेल्यागणिक पैसे द्यावेत.

नेमकी चूक होते ती सहीच्या पावतीवर. बारवाला पावती पुढे करतो, त्यावर 18 टक्के आधीच जोडलेले असतात, आणि खाली 'अॅडिशनल ग्रॅच्युइटी' म्हणून एक रिकामी ओळ असते. घाईत ती भरायचीच असते असं वाटतं आणि लोक दोन-तीन डॉलर लिहून देतात. ती ऐच्छिक आहे. तिथे आडवी रेघ मारून खाली एकूण रक्कम स्वतःच्या हाताने लिहावी. पॅकेज असेल तर पावतीवर रक्कम शून्य असते, तरी ही ओळ असतेच, तेव्हाही रेघ. स्पामध्ये मसाज संपल्यावर अर्धवट झोपेत सही होते, तिथे तर दोनदा वाचावं.

ग्रॅच्युइटी काढून टाकता येते का? येते. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन सांगितलं की कमी करतात किंवा काढतात. पण तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला कारण आहे. या कामगारांच्या उत्पन्नाचा मोठा भाग या रकमेतून येतो. करार सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात आठवड्याची पूर्ण सुट्टी बहुधा नसते. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारातली कामाच्या तासांची मर्यादाच दिवसाला 14 आणि आठवड्याला 72 तास आहे, यावरून कामाचा अंदाज येईल. 'काउंटरवर काढून घेऊ आणि आपल्या केबिनवाल्याच्या हातात रोख देऊ' हा सल्ला सर्रास दिला जातो, तोही चुकीचा आहे. स्वयंपाकघरातल्या आणि धुलाईतल्या माणसांचा वाटा त्यात बुडतो. शिवाय काही कंपन्यांत आकारणी काढून टाकलेल्या पाहुण्याने हातात दिलेली रोख कर्मचाऱ्याला सामाईक निधीत जमा करावी लागते.

सेवा खरोखर खराब असेल तर? केबिन दिवसभर झाडली नाही, जैन जेवण सांगूनही ताटात कांदा आला, अशी तक्रार त्याच दिवशी हेड वेटरला किंवा हाउसकीपिंगला सांगावी. तिथे दाद लागली नाही तर गेस्ट सर्व्हिसेस. दुसऱ्या दिवसापर्यंत सांगितलं तर दुरुस्ती होऊ शकते. शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहून पैसे कापायला लावले तर मधले दिवस वाया गेलेलेच असतात.

रोजच्या आकारणीत न येणारी माणसं वेगळी मोजावी लागतात. फुकेत किंवा पिनांगला किनाऱ्यावरच्या सहलीचा गाइड आणि बसचालक स्थानिक असतात, जहाजाच्या निधीशी त्यांचा संबंध नाही. माणशी दोन ते पाच डॉलर, किंवा तेवढ्या किमतीचे थाई बात किंवा मलेशियन रिंगिट, पुरेसे. अमेरिकेतल्या बंदरांवर सामान उचलणारे हमाल जहाजाचे नोकर नसतात. तिथे बॅगेमागे एक-दोन डॉलरचा रिवाज आहे. सिंगापुरात ही अपेक्षा नाही. टूर कंपनीच्या मॅनेजरची टिप हा आणखी निराळा विषय. तो जहाजाचा नाही, आणि 'टिप्स' म्हणून टूर कंपनी दिवसाला जे घेते त्यात जहाजाची ग्रॅच्युइटी धरली आहे की नाही, हे पत्रकात 'समाविष्ट' आणि 'असमाविष्ट' अशा दोन्ही ठिकाणी शोधावं. 'क्रूझ ग्रॅच्युइटी' असे शब्द स्पष्ट लिहिलेले नसतील तर ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवावं. फोनवरच्या 'हो हो, सगळं इन्क्लुडेड आहे' वर विसंबू नये.

आकारणीच्या वर हाताने काही द्यावंसं वाटलं तर द्यावं, पण अपेक्षा म्हणून नव्हे. मुलांसाठी रोज टॉवेलचा प्राणी करणारा, आजोबांच्या औषधासाठी न चुकता बर्फ आणून ठेवणारा केबिन अटेंडंट असेल तर चार रात्रींना 10 ते 20 डॉलर छान. रोज वरण-भात किंवा बिनतिखट भाजी वेगळी करवून आणणाऱ्या हेड वेटरलाही तसंच. नोटाच द्याव्यात. नाणी खलाशांना पुढे बदलून घेता येत नाहीत, ती त्यांच्या कपाटात पडून राहतात. मनी चेंजर 100 च्या नोटा पुढे करतो. त्याच्याकडून एक, पाच, दहाच्या नोटा मागून घ्याव्यात.

इतर कंपन्यांशी ताडून पाहिलं तर रॉयल कॅरिबियनचा दर ना सगळ्यात जास्त, ना कमी. नॉर्वेजियनवर साध्या केबिनला 20 डॉलर आणि पेयांवरही 20 टक्के. लहान मुलांच्या बाबतीत मात्र रॉयल कॅरिबियन कडक आहे: कोस्टावर चार वर्षांखालच्यांना काहीच लागत नाही आणि 4 ते 14 वयाला निम्मा दर, एमएससीवरही दोन वर्षांखालच्यांना माफी. तान्हं मूल घेऊन जाणाऱ्यांनी तिकिटाची तुलना करताना हा फरक धरावा. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या बुकिंगमध्ये भाड्याखेरीज पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी आणि जीएसटी जोडले जातात. रुपयांत आणि आधीच भरल्यामुळे जहाजावर धक्का बसत नाही, पण जाहिरातीतला आकडा आणि अंतिम आकडा यांत अंतर इथेही आहे.

मला सगळ्यात स्वच्छ वाटते ती ब्रिटिश पी अँड ओ क्रूझेसची रीत. त्यांनी 2019 मध्ये रोजची आकारणी बंद केली आणि भाडं एकच ठेवलं. पी अँड ओच्या बोटींवर गोव्याच्या तारवट्यांच्या, म्हणजे खलाशांच्या, पिढ्यान् पिढ्या स्टुअर्ड आणि आचारी म्हणून राबल्या. मुंबईत धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावोगावच्या गोवेकरांच्या सामाईक निवासांत, राहून ते बोटीची वाट पाहत. आजही क्रूझवर गोव्याचा, वसईचा किंवा मुंबईचा कोणीतरी भेटतोच. पगाराची जबाबदारी कंपनीने भाड्यातच घ्यावी, पाहुण्याच्या मर्जीवर टाकू नये, हे त्यांच्यासाठी बोलायला हवं. रॉयल कॅरिबियनने ती 18.50 ची ओळ उद्या भाड्यात मिसळली तर पाहुण्याचा एक रुपयाही वाढणार नाही आणि काउंटरवर जाऊन ती काढून टाकण्याचा मार्गच उरणार नाही.

तोपर्यंत शेवटच्या संध्याकाळी, काउंटरवरची गर्दी वाढण्याआधी, अॅपमध्ये किंवा केबिनच्या टीव्हीवर बिल उघडावं. आगाऊ ग्रॅच्युइटी भरली असेल तर रोजची ओळ पुन्हा लागलेली नाही ना, माणसं आणि रात्री यांचा गुणाकार जुळतो का, आणि बारच्या प्रत्येक पावतीत 18 टक्क्यांखेरीज काही चढलं नाही ना, एवढं बघावं. पावत्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये एकत्र ठेवल्या असतील तर दहा मिनिटांचं काम आहे, आणि चूक असेल तर ती जहाजावरून उतरण्याआधी त्याच काउंटरवर दुरुस्त करून मिळते.