पावसात कणसं भाजायची: कोळशावर की गॅसवर?

लातूरकडे भुरभुर सुरू झाली की मक्याची कणसं आठवतातच. चवीला कोळसाच, दाणे तडतडतात, वर लिंबू-मीठ-तिखट चोळायचं. पण सर वाढली की माणसं पेटती शेगडी उचलून घरात आणतात, आणि तिथंच घात होतो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, झोप येते, कळतसुद्धा नाही. निखारे पार गार होईपर्यंत शेगडी बाहेरच राहू द्या.

गॅस लगेच बंद करता येतो, हे खरं. पण एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो. टाकी मोकळ्यावर, उभीच हवी.

ताडपत्रीखाली दोन्ही नकोत. मी कोळसाच घेईन, चारी बाजूंनी उघड्या, उंच पत्र्याच्या शेडमध्ये, दारा-खिडक्यांपासून लांब. वीज कडाडली तर कणसं तिथंच सोडून घरात.