चाळिशीनंतर पुन्हा स्लॅलम: वेग वाढवावा की दोर आखडावा?

पूर्वी स्लॅलम, म्हणजे बोटीच्या दोराला धरून एकाच स्कीवर पाण्यावर वळणं घेणं, केलेल्या माणसाला पंचेचाळिशी-पन्नाशीत पुन्हा दोर धरावासा वाटला, की मनात पहिला प्रश्न येतो तो 'जमेल का?' हा. तो फारसा कामाचा नाही. एका स्कीवरचा तोल सहसा विसरला जात नाही, थोड्या सरावाने माणूस पुन्हा बोटीमागे उभा राहतो. निवडीचा प्रश्न त्यानंतर येतो. माळ्यावरची जुनी स्की की नवी? पूर्वीचाच वेग की कमी? मोकळ्या पाण्यात फिरायचं की बोयांच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या) कोर्समध्ये शिरायचं? या निवडी एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्यातली एक बाकीच्यांवर भारी आहे. ती म्हणजे वेग.

पूर्वीचा वेग की कमी वेग

कोर्सची मापं जगभर एकच आहेत. आत शिरण्याच्या गेटपासून बाहेर पडण्याच्या गेटपर्यंत २५९ मीटर. मध्ये सहा बोये, आलटून पालटून डावीकडे-उजवीकडे, मध्यरेषेपासून प्रत्येकी ११.५ मीटरवर. एका बोयापासून पुढच्यापर्यंत, बोटीच्या दिशेने मोजलं तर, ४१ मीटर. बोट मधून सरळ जाते आणि स्कीअरने प्रत्येक बोयाच्या बाहेरून वळून यायचं असतं.

ताशी ५५ किलोमीटरला गेट ते गेट अंतर १६.९५ सेकंदांत संपतं, ४६ ला २०.२७ सेकंदांत. दोन बोयांमधला वेळ ५५ ला सुमारे २.७ सेकंद, तर ४६ ला ३.२. फरक अर्ध्या सेकंदाचा. वाचताना तो किरकोळ वाटेल, पण ओढ सोडून स्की सरळ करायची, तोल सावरायचा आणि वळणाची वाट पाहायची, हे सगळं या अर्ध्या सेकंदातच बसवायचं असतं. तो हातचा गेला की प्रत्येक बोयावर आणखी उशीर होत जातो.

दुसरा हिशेब पडण्याचा. ४६ वरून ५५ वर गेलं की वेग वीस टक्क्यांनी वाढतो, पण अंगातली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४३ टक्क्यांनी वाढते. त्यातही बोटीमागच्या लाटा ओलांडताना स्कीअरचा वेग बोटीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे बोटीतला आकडा हा आपला खरा आकडा नव्हेच. स्पर्धांमध्ये पुरुषांसाठी कमाल वेग ५८ आणि महिलांसाठी ५५ आहे, आणि पस्तिशी ओलांडलेल्या पुरुषांच्या गटातही तो ५५ वर आणलेला आहे. नियम करणाऱ्यांनी वय मान्य केलं आहे, आपणच विशीतला आकडा धरून बसतो.

कमी वेगाविरुद्ध एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. वेग कमी झाला की बोटीमागची लाट उंच आणि कडक होते, स्की पाण्यात खोल बसते आणि ओढ जड लागते. जुन्या अरुंद स्कीवर ४६ ला हा त्रास इतका होतो, की बरेच जण 'हळू जाण्यात मजा नाही' असं ठरवून पुन्हा ५५ कडे वळतात. दोष वेगाचा नसतो, पायाखालच्या फळीचा असतो.

जुनी स्की की नवी

एकेकाळच्या चांगल्या स्लॅलम स्की अरुंद होत्या, खालून खोल पन्हळीसारख्या, आणि वेगातच जिवंत व्हायच्या. मागच्या पायावर रेलून उभं राहण्याची सवय त्यांनीच लावली. नंतर मधल्या वेगासाठी पुढे आणि मध्ये रुंद असलेल्या स्की आल्या. राडारची सेनेट किंवा एचओची ऑम्नी ही त्यातली परिचित नावं. रुंदी वाढली की तोच माणूस कमी वेगात पाण्याच्या वर राहतो, उठायला कमी ओढ लागते आणि बोयाच्या बाहेर स्की मरगळत नाही, सरकत राहते. खांदे आणि कंबर यांचं आयुष्य वाढवायचं असेल, तर यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागते. ५५ चा वेग आणि बराच आखूड दोर असेल, तर रुंद स्की कडेवर घालायला कष्ट पडतात आणि ती वेग पटकन टाकत नाही. म्हणूनच अव्वल स्पर्धक अरुंद, कडक कार्बनच्या स्की वापरतात. पण परतणाऱ्याने तीच स्की घ्यावी, हा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे हसून विषय बदलावा. ती स्की चूक माफ करत नाही, आणि पहिल्या हंगामात आपण चुकाच करणार असतो.

लांबी निवडताना आजचं वजन धरा, लग्नाच्या फोटोतलं नव्हे. बहुतेक स्की ६५ ते ६९ इंचांच्या असतात. वजन वाढलं असेल आणि वेगही कमी ठेवायचा असेल, तर ही दोन्ही कारणं एकाच दिशेला, लांब स्कीकडे नेतात.

जुनी स्की ठेवावी अशी एक परिस्थिती आहे. फक्त मोकळ्या पाण्यात, उन्हाळ्यात अधूनमधून, ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास जायचं असेल आणि स्की धड असेल, तर ती चालेल. मात्र कडेला थर सुटलेत का, अंगठ्याने दाबल्यावर कुठे मऊ लागतं का, स्क्रूची भोकं सैल झालीत का, हे आधी पाहा. फिनबद्दल, म्हणजे स्कीखालच्या मागच्या पात्याबद्दल, एवढंच, की तो कारखान्याने बसवलाय तसाच राहू द्या. त्याची मापं हजारांश इंचात बदलतात, आणि आपली उभं राहण्याची पद्धतच रोज बदलत असते, तेव्हा त्या बदलांचा परिणाम ओळखूही येत नाही.

बाइंडिंग

स्की जुनी ठेवलीत तरी बाइंडिंग, म्हणजे पाय स्कीला धरून ठेवणारा भाग, जुनं ठेवू नका, इथे मला दुसरी बाजू दिसत नाही. रबर पडून पडून कडक होतं, चिरतं, टाचेशी सैल होतं. सैल बाइंडिंगमुळे सगळ्यात वाईट पडणं होतं. एक पाय सुटतो, दुसरा अडकून राहतो आणि पूर्ण स्कीची तरफ त्या एका घोट्यावर आणि गुडघ्यावर पडते.

नव्यातली निवड दोन प्रकारांत आहे. दोन्ही पायांना पूर्ण बूट घेतले, तर पाय स्कीशी एकजीव होतात आणि वळणावर स्की नेमकी ऐकते. पण ते घालायला वेळ लागतो, आणि पडताना दोन्ही पाय सोबत सुटणं किंवा सोबत राहणं यावर सगळी भिस्त असते. पुढे बूट आणि मागे फक्त बोटांवरचा पट्टा असेल, तर मागचा घोटा मोकळा राहतो, पाय चटकन निघतो, आणि उठताना मागचा पाय बाहेर ठेवून सुकाणूसारखा वापरता येतो. सराव असणाऱ्याला यात मागच्या पायाची पकड कमी वाटते. परतणाऱ्यासाठी मी पट्टाच सुचवेन. विशीत दोन बुटांची सवय असलेल्याला पहिले काही दिवस मागची टाच उचलली गेल्यासारखी वाटेल, तेवढं सोसावं. ठरावीक जोर आला की अख्खा बूट सुटेल असे कडक कवचाचे प्रकारही आहेत. ते उत्तम आहेत, पण सुटण्याचा जोर नीट लावणं ही ज्याची त्याची जबाबदारी असते आणि ती दर काही दिवसांनी तपासावी लागते.

पाण्यातून उठताना

या वयात सगळ्यात महाग पडणारी दुखापत कोर्समध्ये होते असं नाही, ती पहिल्या पाच सेकंदांतही होते. मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, बसण्याच्या हाडापाशी ताणला जातो किंवा हाडापासून सुटतो. कंबर वाकलेली असताना गुडघा अचानक सरळ झाला, की सगळा भार त्या एका जोडावर येतो. बोटीने झटका दिला आणि आपण घाईने पाय ताणून उभे राहू लागलो, की नेमकी हीच स्थिती होते. वॉटर स्कीइंगमध्ये ही दुखापत चांगलीच ओळखीची आहे.

पर्याय दोन. एका स्कीवर खोल पाण्यातून उठायचं, किंवा दोन स्कींवर उठून एक सोडून द्यायची. दुसरा पर्याय अनेकांना शिकाऊ वाटतो, म्हणून ते टाळतात. पहिल्या काही दिवसांत तोच घ्यावा, कारण दोन स्कींवर लागणारी ओढ कितीतरी कमी असते. मात्र सोडलेली स्की पाण्यात तरंगत राहते, ती बोटीच्या वाटेत नको आणि नंतर उचलायलाही हवी. एका स्कीवरच उठायचं असेल, तर गुडघे छातीशी, हात सरळ, बोटीला स्की वर आणू द्यायची, आणि चालकाला आधीच सांगायचं की एकसारखी, हलकी ओढ हवी. हॅमस्ट्रिंग पूर्वी दुखावलेला असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय एका स्कीचा हट्ट धरू नये.

मोकळं पाणी की कोर्स

मोकळ्या पाण्यात कुणी मोजत नाही. किती रुंद जायचं, केव्हा वळायचं हे आपणच ठरवतो, आणि दमलो तर बोटीमागे सरळ उभं राहता येतं. त्यामुळे चुकीची सवयही बिनधास्त पक्की होते. कोर्स हे सगळं लगेच उघडं पाडतो, आणि तीच त्याची गंमत आहे. पण बोया चुकेल या भीतीने जो झटका मारला जातो, कंबरेला आणि कोपराला त्रास देतो तो तोच. कोपराचं दुखणं परतलेल्यांत फार दिसतं, कारण हाताने ओढायची जुनी खोड कोर्समध्ये पुन्हा जागी होते.

मधली वाट म्हणजे बोये आत घेतलेला छोटा कोर्स. लय तीच, वळसा कमी. तो उपलब्ध असेल तर मोठ्या कोर्सकडे पाहायची घाई नको.

आता शीर्षकातला प्रश्न. दोराची लांबी मुळात ७५ फूट धरून त्यातून किती फूट काढले त्यावर ती ओळखतात. 'पंधरा ऑफ' म्हणजे १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२ आणि ११.२५. शेवटच्या आकड्याशी दोर मध्यरेषेपासून बोयापर्यंतच्या अंतराहून लहान होतो आणि अंग लांबवूनच बोया गाठावा लागतो. हाताची लांबी सोडून दिली तर बोयाच्या रेषेत पोचायला १८.२५ मीटरच्या दोराला बोटीमागच्या सरळ रेषेपासून सुमारे ३९ अंश फिरावं लागतं, १४.२५ च्या दोराला सुमारे ५४. म्हणजे कोर्समध्ये आखूड दोर सोपा नाही, अवघडच.

तरीही १८.२५ वर सहाही बोये ४९ ला होऊ लागले, की पुढची पायरी म्हणून मी वेगाऐवजी दोर निवडेन. वेग वाढवला तर प्रत्येक चुकीची शिक्षा मोठी होते. दोर आखडला तर चूक लवकर उघडी पडते, पण बोटीचा वेग तेवढाच राहतो. आखूड दोरात ढील पडून पुढे फेकलं जाण्याचा धोका असतो, हे खरं. म्हणून ढील आली की हॅण्डल सोडायचं, वाचवायला जायचं नाही. मोकळ्या पाण्यात तर हा निर्णय आणखी सोपा आहे. तिथे ११.५ मीटरपर्यंत पोचायची सक्ती नसते आणि १६ किंवा १४.२५ वर स्कीअर जास्त झोक्याने बोटीच्या बाजूला वर चढतो. काही बोटींची लाट १६ वर जरा टोचते. तसं असेल तर दोर आणखी एक टप्पा आखडून पाहा.

जुनं तंत्र, नवं तंत्र

पूर्वी मागच्या पायावर भार टाकून, दुसरी लाट ओलांडल्यावरही ओढत राहायचं असं शिकवलं जायचं. आता दोन्ही पायांवर भार, कंबर पुढे, आणि जोर पहिल्या लाटेपासून मध्यापर्यंतच. मध्यावर स्की कडा बदलायला लागते आणि बाहेर जाताना दोन्ही हात हॅण्डलवर जास्त वेळ राहतात. ओढण्याचा काळ कमी झाल्याने हे तंत्र वयाला जास्त मानवतं.

बोटीही बदलल्या. चालक पूर्वी हाताने वेग सांभाळायचा आणि स्टॉपवॉच पाहायचा. आता झिरो ऑफसारखी जीपीएसवर चालणारी यंत्रणा वेग धरते. आपण ओढलं की इंजिन उलट ओढतं, ते जुन्यांना परकं वाटतं. ही ओढ किती असावी ते ठरवायला तिच्यात ए, बी, सी अक्षरं आणि १, २, ३ आकडे असतात, सगळ्यात सौम्य ए१ पासून सुरुवात करावी. हाताशी फक्त वेकबोर्डिंगची मोठ्या लाटेची बोट असेल, तर टाक्यांतलं वजनाचं पाणी पूर्ण रिकामं करा आणि कोर्सचा विचार सोडा. मोकळ्या पाण्यात, आखूड दोराने तिच्यामागेही चांगली वळणं बसतात.

राहिला प्रश्न किती वेळ जायचं याचा. आठवड्यातून एकदा लांबलचक सेट (एका वेळच्या सलग फेऱ्या), की दोन-तीनदा छोटे? छोटेच. मुठीची पकड पायांच्या आधी जाते, आणि पकड गेली की पाठ गोल होते, खांदे पुढे येतात. बोटं हॅण्डलवर सरकायला लागली, की तो सेट तिथेच संपवावा, मग बोटीतले कितीही म्हणोत की अजून एक फेरी होऊ दे.