लाइका सहा महिने वापरला, आता नवीन येणाऱ्या कॅमेऱ्याकडून माझं मागणं एकच

नवीन रेंजफाइंडर कॅमेरा येणार, येणार अशी लोकांत चर्चा चाललीय, त्यावर हे लिहितोय. आधीच सांगतो, लाइका माझा नव्हे. शहापुरातला माझा दोस्त, आयटीत नोकरी, त्यानं हौसेनं सेकंडहँड लाइका एम घेतला, टाईप २४०, सोबत व्हॉइग्टलँडरची ३५ एमएमची बारकी लेन्स, आणि घेऊन दोन महिने झाले नाहीत तोवर कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं. म्हणजे लाइका जिथला त्या देशात हा गेला आणि लाइका बेळगावात माझ्या कपाटात. जाताना म्हणाला, "भावा, बंद करून ठेवू नको, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरंल, वापर बिनधास्त." मी लग्नाची कामं करतो, माझ्याकडे दोन मिररलेस (आजकालचे ऑटोफोकसवाले) कॅमेरे आहेत, डोळ्यावर फोकस आपोआप बसतोय, सेकंदाला ढीगभर फोटो निघतात, म्हटलं हे म्हातारं काय करणार. शिवजयंतीच्या आधी हातात आला तो दिवाळीत परत गेला, त्यामुळे हे दोन दिवस वापरून लिहिलेलं नाही, आणि मला कुणी पैसे पण दिलेले नाहीत (कोण देणार).

हा लाइका रेंजफाइंडर कॅमेरा आहे, म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅमेऱ्याच्या समोर दोन खिडक्या असतात, एक मोठी एक बारकी, दोघींत साधारण ७ सेंटिमीटरचं अंतर. मोठीतून आपण बघतो, बारकीतून आलेलं चित्र आतल्या आत फिरवून मधोमध एका छोट्या उजळ चौकोनात टाकलेलं असतं, म्हणून त्या चौकोनात समोरचा माणूस दोन-दोन दिसतो, भूत लागल्यासारखा. लेन्स फिरवत गेलं की भूत सरकत सरकत माणसावर येऊन बसतंय, बसलं की फोकस झाला. मोटर नाही काही नाही, लेन्सच्या मागच्या कडेवर एक रोलर टेकलेला असतो, लेन्स फिरेल तसा तो आतबाहेर होतो आणि भूत हलवतो. बाबांनी एकदा डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे तर माझ्या याशिकासारखंच की रे." खरंच तसंच आहे, त्यांचा याशिका इलेक्ट्रो ३५ अजून माळ्यावर आहे, ते मॉडेल १९६६ चं, त्यातला चौकोन पिवळा पडलाय खरं भूत अजून बरोबर बसतं.

पहिली परीक्षा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत. ज्यांनी बेळगावची ती रात्र बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही, ट्रॉल्यांवर जिवंत देखावे, मावळे, अफजलखान, मागं ढोल-ताशा, आणि सकाळ होईपर्यंत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. माझा मोठा कॅमेरा अशा गर्दीत काढला की लोक एकतर पोज देतात नाहीतर वाट सोडतात, दोन्ही नको असतं. हा बारका काळा डबा बघून कुणाला काय वाटलंच नाही. रामदेव गल्लीच्या तोंडाशी चहावाल्या अण्णानं तेवढं विचारलं, "इदक्क रोल सिगतदेन री?" (ह्याला रोल मिळतोय काय?) मी म्हटलं रोल नाही अण्णा, डिजिटल आहे, त्याचा विश्वास बसला नाही, मागची स्क्रीन दाखवली तेव्हा हसला.

आणि ह्या डब्याचं जे खरं सुख आहे ते तिथं कळलं. बाकी कॅमेऱ्यांत जेवढं फोटोत येणार तेवढंच डोळ्याला दिसतं, ह्यात फ्रेमच्या पांढऱ्या रेषा दिसतात आणि रेषांच्या बाहेरचं पण दिसतं, म्हणजे मशालवाला पोरगा डावीकडून आत यायला दोन पावलं आहेत हे मला आधीच कळतंय, मी थांबतो, तो रेषेच्या आत आला की बटण. अंधारात फोकस करायचा तर भगव्या झेंड्याच्या काठीवर भूत बसवायचं, काठी सरळ उभी असते, लगेच जुळतं. मोठे कॅमेरे हॅलोजन आणि धुरात कधीकधी पुढंमागं करत बसतात, हा करत नाही कारण ह्याला करताच येत नाही, करणारा मी. उजेड असेल तर ते पण नको, एफ ८ लावायचं (म्हणजे लेन्सचं भोक बारीक करायचं), लेन्स ३ मीटरवर ठेवायची, साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं चालून जातं, कॅमेरा डोळ्याला लावायचा पण कंटाळा असेल तर छातीवरून मारायचा.

कटकट झाली ती कार्डाची. ह्या मॉडेलला बॅटरी आणि कार्ड दोन्ही खालच्या पत्र्याच्या आत, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासारखं. कार्ड भरलं रात्री दोनला, भर गर्दीत, तळाचा पत्रा दातात धरून कार्ड बदललं, शेजारचा ताशावाला बघत राहिला. २०२२ च्या लाइका एम११ मध्ये तो पत्रा एकदाचा काढला, चांगलं केलं, जुने भक्त नाराज झाले असतील तर असूदेत. रंगाचं म्हणाल तर भगवा जरा जपून, एक्सपोजर थोडं कमी ठेवावं लागतं नाहीतर झेंड्यातल्या घड्या जाऊन नुसता नारंगी डाग उरतो. आणि आयएसओ (अंधारात फोटो उजळ करायचा आकडा) ३२०० च्या वर मी गेलोच नाही, आजच्या कॅमेऱ्यांच्या मानानं ते कमीच, शेवटी २०१२-१३ चा सेन्सर आहे.

कुस्तीच्या आखाड्यात मात्र पार आपटलो. सेकंदाला तीन फोटो, आणि पैलवान काय भूत बसेपर्यंत थांबतोय होय, ढाक लागून समोरचा आकाशात, आणि माझ्या फोटोत लाल माती. लग्नात पण नेला एकदा, हळदीला मस्त, मंगलाष्टकं संपून अक्षता पडताना मी परत मिररलेस काढला, पोटाचा प्रश्न आहे.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. जुलैत जांबोटीच्या रस्त्याला पाऊस बघायला गेलो होतो, गाडीच्या टाकीवर बॅग ठेवलेली, चहाला थांबलो आणि स्टँड लावताना बॅग माझ्याच हातून सुटून खाली. कॅमेऱ्याला ओरखडा नाही, चालू होतोय, फोटो येतायत. घरी येऊन बघतो तर लांबचं सगळं हलकंसं मऊ. आधी वाटलं लेन्सवर वाफ धरली. मग ट्रायपॉडवर लावून तपासलं, भूत म्हणतंय फोकस बसला, मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यू मोठं करून बघितलं तर बसलेला नाही. म्हणजे दोन खिडक्यांचा हिशोब हलला. एक केसभर, खरं डिजिटलला केसभर पुष्कळ झालं. रोलच्या काळात एवढं कुणाला कळलं पण नसतं, आता कंप्युटरवर फोटो शंभर टक्के मोठा करून बघायची सवय लागलीय.

एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, नाव घेत नाही, तो म्हणाला बाहेर पाठवावा लागेल, तीन महिने धरा, खर्च नंतर सांगू. तीन महिने! दोस्ताला जर्मनीत फोन लावला, गयावया केली, तो हसूलालाय आणि वर म्हणतोय, "मर्दा, स्क्रू फिरवून होतंय, बघ की तूच." होतं खरं, लेन्स काढली की वर तो रोलर दिसतो आणि त्याच्या तोंडाशी सहा कोनी खाचेचा बारीक स्क्रू, अ‍ॅलन कीनं फिरवायचा. माझा हात थरथरला, दुसऱ्याचा कॅमेरा आहे. शेवटी खडेबाजारच्या बाजूला एक घड्याळवाले मामा आहेत त्यांच्याकडे नेला. डोळ्याला भिंग लावून त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "ह्यात काय आहे, घड्याळात ह्याच्यापेक्षा बारीक असतंय." मग आमचं असं चाललं, त्यांनी केसभर फिरवायचं, मी पायरीवर उभं राहून लांबच्या मोबाईल टॉवरच्या लाल दिव्यावर लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेला, लावून बघायचं, दोन दिवे दिसले की परत आत. सहा-सात चकरा. मग जवळचं पण तपासलं, दुकानातल्या कॅलेंडरच्या आकड्यांवर, कारण लांबचं जुळलं म्हणजे जवळचं जुळलंच असं नसतं. दोन्ही जुळलं. पैसे विचारले तर म्हणाले, "चहा सांग." कुंद्याचा पाव किलोचा बॉक्स दिला.

तर आता नवीन येणार, नवीन येणार असं जे चाललंय त्याकडे मी त्या पायरीवरून बघतो. लाइकाचा एम९ आला २००९ ला, मग २४०, मग एम१० २०१७ ला, एम११ २०२२ ला, मधलं अंतर चार-पाच वर्षांचं, म्हणून लोक बोटं मोजूलालेत. कोण म्हणतंय हात हलला तरी सांभाळणारा सेन्सर येणार, कोण म्हणतंय खिडकीतच इलेक्ट्रॉनिक चित्र मिसळणार, कोण म्हणतंय मेगापिक्सेल अजून वाढणार. एम११ ला ६० आहेत, आणि त्यांनीच त्यात ३६ आणि १८ वर काढायची सोय दिलीय, म्हणजे जास्त झाले हे त्यांना पण कळलंय. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास एम ईव्ही१ आणला, त्यात तर रेंजफाइंडरच काढून टाकला, नुसता इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळ्याला लावायची बारकी स्क्रीन. चष्मा जड असलेल्यांना सोयीचा असेल, माझी तक्रार नाही, खरं मग तो रेंजफाइंडर कसला, भूतच नाही त्यात.

फुजीवाल्यांची पण एक चर्चा कायम असते, एक्स-प्रो३ आला २०१९ ला आणि पुढचा कधी येणार म्हणून लोक म्हातारे व्हायला लागलेत. कॅमेरा झकास, रेषांच्या बाहेरचं दिसणारी काचेची खिडकी त्यात पण आहे, खरं फोकस मोटरचा. दिसायला रेंजफाइंडर. त्याला मी नावं ठेवत नाही, किंमत १,७९९ डॉलर होती, एम११ ची ८,९९५, ह्यात सगळं आलं. फ्रान्सची पिक्सी नावाची छोटी कंपनी आहे, ती खरा भूतवाला डिजिटल कॅमेरा करते, मागं स्क्रीनच नाही, कार्ड पण नाही, फोटो थेट फोनवर. आणि कंपनी बझांसाँ गावची, जे घड्याळांसाठी प्रसिद्ध. मामांना सांगितलं तर खूश झाले, म्हणाले, मग बरोबर आहे.

खरं सांगायचं तर मला पाहिजे तसा कॅमेरा सगळ्यात आधी एप्सननं केला होता, हो, प्रिंटरवाला एप्सन. २००४ चा आर-डी१, पहिला डिजिटल रेंजफाइंडर तोच, ६ मेगापिक्सेल, बॉडी जपानच्या कोसिनाची, आणि प्रत्येक फोटोनंतर शटर भरायला रोलच्या कॅमेऱ्यासारखी कांडी ओढायची. डिजिटलला कांडी कशाला म्हणून लोक हसले असतील. मिरवणुकीत उभं राहून बघा म्हणजे कळंल कशाला. वर बॅटरी किती, फोटो किती उरले ते घड्याळाच्या काट्यांनी दाखवायचा. लाइका त्यानंतर दोन वर्षांनी आला, एम८, आणि त्याची फजिती तर वाचण्यासारखी आहे. ह्या लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसतात, कोपऱ्यात उजेड तिरका पडतो, फिल्मला ते चालायचं, सेन्सरला चालत नाही, म्हणून त्यांनी सेन्सरवरची काच पातळ ठेवली, मग त्यातून इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा उजेड) आत शिरायला लागला आणि काळं सिंथेटिक कापड जांभळं दिसायला लागलं. विचार करा, रिसेप्शनला नवरदेव काळ्या सुटात आणि अल्बममध्ये वांगी रंगात. शेवटी घेणाऱ्यांना दोन-दोन फिल्टर फुकट वाटावे लागले.

तर माझं मागणं. सेन्सर २४ मेगापिक्सेलचाच द्या, चालतंय. व्हिडिओ नको. कांडी दिलीत तर दुधात साखर. पण मुख्य म्हणजे तो स्क्रू माझ्या हाताला येईल असा द्या, बाहेर एका बारक्या झाकणाखाली, बॉक्समध्ये त्याची की द्या. आणि मेनूत एक तपासणी ठेवा, लांबच्या दिव्यावर भूत बसवून बटण दाबलं की सेन्सरनं स्वतः बघून सांगायचं, बाबा रे इतका हललाय, ह्या बाजूला फिरव. सेन्सरला तर कळतंयच की, मी लाइव्ह व्ह्यूवर तेच बघितलं, नुसतं सांगायची सोय नाही. मोठ्या शहरातल्या माणसाला हे मागणं येडेपणाचं वाटंल, त्याचं दुकान जवळ असतं. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या माणसानं केसभर हललेल्या कॅमेऱ्यासाठी तीन महिने काय करायचं?

दिवाळीत दोस्त आला. शेवटच्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी केलेल्या मातीच्या किल्ल्याचे फोटो काढूया म्हटलं, पोटावर झोपून बुरुजावरच्या मावळ्यावर भूत बसवायला गेलो तर बसेना, ७० सेंटिमीटरच्या आत हा कॅमेरा चौकोनातून फोकसच करत नाही, मागं सरकलो तर ३५ च्या लेन्समध्ये मावळा मुंगीएवढा. पोरं म्हणाली, "काका, मोबाईलनं काढा की." काढला. दोस्त म्हणाला, "नवीन आला की घेणार काय?" मी काही बोललो नाही, कॅमेरा पुसून त्याच्या बॅगेत ठेवला आणि बाजूच्या कप्प्यात ती अ‍ॅलन की टाकली, एअरपोर्टवर काढून घेतली नसेल म्हणजे झालं.