‘बॅकलॉग’ची जागा काढून देणारा

कोल्हापुरात दिव्यांग मुलांना ‘बॅकलॉगमधून लावतो’, म्हणजे न भरता राहिलेल्या राखीव जागेवर सरकारी नोकरी लावतो, म्हणून गाठणारे आहेत. नोकरी शोधताय तर हे वाचा.

माझ्या उजव्या पायाला पोलिओ. बी.कॉम. झालोय. शिरोली एमआयडीसीतलं हिशेबाचं काम सुटलं आणि दिव्यांगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून एकाचा फोन आला. “भावा, आपल्याला ४ टक्के आरक्षण हाय. जागा भरत न्हाईत, पुढं ढकलत्यात. त्यातली एक काढून देतो.”

यातलं बरंचसं खरं आहे, तीच तर गोम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम ३४ मध्ये, सरकारी नोकरीत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत आणि लायक उमेदवार मिळाला नाही तर जागा पुढच्या भरती वर्षात जाते. गड्याला कलमं तोंडपाठ. खोटं होतं ते फक्त ‘काढून देतो’. अनुशेषाची जागासुद्धा जाहिरात काढून, अर्ज मागवूनच भरतात.

त्याचं ऑफिस म्हणे शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. “तुम्ही कशाला जिने चढताय, मीच खाली येतो की!” एवढी काळजी कोण करतं? सगळा व्यवहार खाली चहाच्या गाड्याजवळ, माझ्या साइडव्हीलच्या गाडीच्या सीटवर कागद ठेवून झाला. दिव्यांगांना नोकरी देणारं ऑफिस बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर कसं, हा प्रश्न आईला पडला, पण पैसे गेल्यावर. नंतर मित्र वर जाऊन आला, तर तिथं शिवणक्लास.

आधी ८५० रुपये फॉर्म फी. (यूपीएससी, स्टाफ सिलेक्शन कमिशन दिव्यांगांकडून परीक्षा शुल्क घेतच नाहीत.) मग मेडिकलचे ६,५००, त्यात एका लॅबमध्ये नुसतं रक्त-लघवी तपासली. मग डिपॉझिट ६०,०००. आईच्या पाटल्या गुजरीत गहाण पडल्या. निम्मे रोख, निम्मे यूपीआयवर, तेही तिसऱ्याच नावाच्या खात्यात. “अकाउंटंटचं हाय.” व्हेरिफिकेशनला म्हणून मूळ मार्कशीटही नेल्या. चौकशी केली की सूर बदलायचा: “आता मागं फिरलासा तर कागद मुंबईत अडकतील.”

राजमुद्रेचं नेमणूक पत्र आलं. पत्रातल्या ऑफिसात हजर व्हायला गेलो, तर तिथल्या बाईंनी एकदाच पाहिलं. जावक क्रमांक नाही, आणि सही केलेले साहेब केव्हाच बदलून गेलेले. ड्रॉवरमधून त्यांनी तसलंच दुसरं पत्र काढून दाखवलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर खातं रिकामं झालं होतं. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावावा लागतो. पोलीस ठाण्यातही तक्रार दिली. रोख रकमेचा पुरावा म्हणजे त्याचे व्हॉइस मेसेज, तेवढे मी ठेवले होते. कागदांची भीती दाखवली तर घाबरू नका: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवरून पुन्हा डाउनलोड होतं, दहावी-बारावीच्या दुय्यम मार्कशीट बोर्डाकडून मिळतात.

ते खातं गडहिंग्लजकडच्या एका अंधुक दिसणाऱ्या मुलाचं निघालं. ‘पगाराचं खातं’ म्हणून उघडायला लावून पासबुक, एटीएम कार्ड, सिम त्या फसवणाऱ्यानं स्वतःकडे ठेवलेलं. तुमचंही कुणाकडे असेल तर आजच बँकेत जाऊन व्यवहार थांबवायला लेखी द्या. चौकशी आधी खातेदाराच्या दारात येते.