आधी ग्राफिक्स कार्ड की प्रोसेसर?
म्हापशातल्या घरी २०१९ च्या रायझन ५ ३६०० या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेमिंग संगणकात एकच भाग बदलायचा असेल, तर खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो, हे आधी पाहावे. त्यापूर्वी गोव्याच्या दमट हवेत हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांना चिकटलेली धूळ काढलेली बरी. वापर ९८-९९ टक्क्यांवर खिळला असल्यास नवे कार्ड घ्यावे, मात्र पॉवर सप्लायला ते पेलेल का, हे तपासावे. दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या संख्येवर मर्यादा घातलेली नसतानाही वापर ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर अडसर बहुधा प्रोसेसरचा असतो. अशा वेळी ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरमधल्या जलद मेमरीचा) रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर, बायोसचे (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचे) अपडेट उपलब्ध असल्यास, त्याच एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डवर बसतो आणि जुनी रॅमही चालते, म्हणून मला तो पर्याय अधिक किफायतशीर वाटतो. १४४०पी म्हणजे जास्त रिझोल्यूशनचा मॉनिटर असल्यास मात्र पारडे कार्डाकडे झुकते.